मुरलेल्या बर्गंडीविषयी

चि. अनिकेत,


दिजाँच्या घराला तळघरही मिळालं आहे, तर तिथे बर्गंडीची लाल वाइन साठवावी का, असं तू विचारलंस. जरूर साठव. केवळ जुनेपणात काही मोठेपण नाही, पण ताजेपणी जे पेल्यात लपून राहतं ते दहा-पंधरा वर्षांनी उघड होतं. त्या प्रदेशाचा सगळा भर जागेवर आहे. वोल्ने आणि पोमार ही लागून असलेली गावं. दोन्हीकडे द्राक्ष एकच, पिनो न्वार. चांगल्या बाटल्यांवर द्राक्षाचं नाही, गावाचं आणि मळ्याचं नाव ठळक असतं. ताज्या वाइनमध्ये मात्र लाल फळांचा आणि नव्या ओकच्या पिंपाचा वास इतका पुढे येतो की मातीतला फरक त्याखाली दबतो. काळ जातो तसे टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. तोंडातला तुरटपणा मऊ होतो, रंग विटकरीकडे झुकतो, फळांच्या मागून ओल्या पालापाचोळ्याचा आणि अळंब्यांचा वास येतो. मग वोल्नेची नजाकत आणि पोमारचा भारदस्तपणा वेगवेगळे ओळखता येतात. या वाइनचं खरं दान ते हेच.

पिनोची साल पातळ, टॅनिन बेताचं, मग ती टिकणार कशी, असं कोणी म्हणेल. तिला मुख्यतः आम्लता तारते. म्हणूनच २००३ सारख्या होरपळलेल्या वर्षापेक्षा २०१० सारख्या संतुलित वर्षावर माझा भरवसा जास्त. बहुतेक वाइन लवकर प्यायसाठीच केलेली असते हेही खरं, आणि साध्या 'बूर्गोन्य' लेबलाची बाटली उगाच अडवून ठेवण्यात अर्थ नाही. किमतीचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ग्राँ क्रूच्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मळ्यांच्या, मागे लागू नकोस. साविन्यी-ले-बोन किंवा मेर्क्युरे या गावांची प्रमिए क्रू, म्हणजे त्याखालच्या पायरीची वाइन, चांगल्या उत्पादकाकडून घे, तीही ताजी असतानाच. जुनी बाटली बाजारातून घेण्यात पैशांबरोबर विश्वासही पणाला लागतो. पाँसो घराण्याने क्लो सँ-दनी ही वाइन १९८० च्या दशकात सुरू केली. तरी २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात तिच्या १९४५ च्या म्हणवणाऱ्या बाटल्या मांडल्या गेल्या होत्या! स्वतःच्या तळघरात मुरलेल्या बाटलीबद्दल असा प्रश्नच उरत नाही.

एकाच वाइनच्या सहा बाटल्या घे. तापमान बारा-तेरा अंश, हवेत ओल, प्रकाश नाही, बाटल्या आडव्या. पाचव्या-सहाव्या वर्षी पहिली उघड. ती मिटलेली, रुसलेली वाटली तर घाबरू नकोस, पिनो मधल्या काळात अशी वागते. बाकीच्या दोन-तीन वर्षांच्या अंतराने उघडत जा. उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी ठेव आणि गाळ न हलवता सावकाश ओत. मुरलेली वाइन तासन्‌तास हवेवर ठेवू नकोस, तिचे नाजूक वास उडून जातात.

तुझा,
सुधाकरमामा