मुदत संपलेली गाडी आणि तपासणीपर्यंतचा रस्ता

खासगी मोटारीचा एकरकमी कर खरेदीच्या वेळी भरला की सरकारचे देणे कायमचे फिटले, हा समज ठाणे-कल्याण पट्ट्यातील घराघरांत रुजलेला आहे आणि गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होताना वाट्याला येणाऱ्या बहुतेक मनस्तापाचे मूळ याच समजात असते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 41 नुसार खासगी वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातले आरसी बुक, ते दिल्याच्या दिनांकापासून 15 वर्षेच वैध राहते, त्यानंतर वाहनाची प्रत्यक्ष तपासणी होते आणि एका वेळी 5 वर्षांसाठी त्याचे नूतनीकरण केले जाते. याच टप्प्यावर महाराष्ट्रात 2010 पासून पर्यावरण कर आकारला जातो; जुन्या वाहनांच्या धुरामुळे होणाऱ्या प्रदूषणाचा भार त्यांच्या मालकांनी काही अंशी उचलावा, अशी त्यामागची भूमिका आहे. हा कर सुरुवातीच्या एकरकमी करापेक्षा पूर्णपणे वेगळा असल्याने, ज्याने पंधरा वर्षांपूर्वी सारा कर चोख भरला तो मालकही एका ठरावीक दिवशी कर थकवणारा आणि वैध नोंदणी नसलेला वाहनधारक ठरू शकतो, आणि त्या दिवसाची आठवण करून देणारा कागद त्याच्या हाती येईलच अशी खात्री नसते.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. नूतनीकरण हवे तर कर आणि शुल्क भरावे लागते, ते भरून झाले की मोटार वाहन निरीक्षकासमोर गाडी उभी करावी लागते, तिथवर गाडी न्यायची तर ती सार्वजनिक रस्त्यावरून जाणार, आणि सार्वजनिक रस्त्यावर यायचे तर नोंदणी वैध हवी, जी तपासणी झाल्याशिवाय मिळत नाही. माजिवड्याच्या एखाद्या संकुलात वाहनतळावर आच्छादनाखाली उभी असलेली गाडी फाटकाबाहेर पडली की क्षणात कापूरबावडीच्या चौकात, घोडबंदर रस्त्यावर किंवा नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर येते. संकुलाच्या आत तिची नोंदणी कोणी विचारत नाही; फाटकाबाहेर मात्र पहिल्याच चौकात तो प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 52 मध्ये असून ते निःसंदिग्ध आहे. प्रमाणपत्रावर लिहिलेली मुदत उलटल्यावर खासगी वाहन कलम 39 च्या प्रयोजनासाठी वैध नोंदणीचे मानले जाणार नाही आणि नूतनीकरण होईपर्यंत ते सार्वजनिक ठिकाणी वापरता येणार नाही, असे तो नियम सांगतो. कलम 39 तर गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती चालवू देणाऱ्या मालकालाही बांधते, त्यामुळे गाडी कार्यालयात पोहोचवण्यासाठी ती चालकाच्या, मेकॅनिकच्या किंवा एजंटाच्या हाती सोपवली म्हणून मालकाची जबाबदारी सुटत नाही. तपासणीसाठी निघालेल्या वाहनाला या नियमात वेगळी सूट दिलेली नाही, आणि सगळा गोंधळ नेमका येथेच होतो, कारण अशी सूट असलीच पाहिजे असे साध्या व्यवहारबुद्धीला वाटते.

काही देशांत ती खरोखरच आहे. ब्रिटनमध्ये 1960 साली सुरू झालेली आणि एमओटी या नावाने ओळखली जाणारी वार्षिक तपासणी करून घेण्यासाठी, आधी वेळ ठरवलेली असेल आणि विमा चालू असेल तर, रस्ता कर न भरलेली गाडीही तपासणी केंद्रापर्यंत चालवत नेता येते. लंडन किंवा स्लाव येथे काही वर्षे राहून ठाण्याला परतलेल्या, किंवा तिकडच्या नातलगांकडून हे ऐकलेल्या माणसाला इकडेही तसेच असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिथली मोकळीक तिथल्या कायद्यात शब्दाने लिहिलेली आहे, आणि आपल्याकडे लिहिलेली आहे ती मनाई.

माजिवड्यातील जुन्या गाड्यांच्या मालकांना वारंवार येणारा अनुभव असा की, विम्याचे नूतनीकरण करताना, गाडी विकायला काढताना किंवा उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीसाठी माहिती भरताना मुदत उलटून गेल्याचे ध्यानात येते, घाईघाईने ऑनलाइन अर्ज केला जातो, शुल्क भरले जाते, तपासणीची तारीख मिळते आणि पावती समोरच्या काचेला लावून गाडी बाहेर काढली जाते. पावती जवळ असली की कोणी अडवत नाही, हा सल्ला देणाऱ्यांची वाण नाही, आणि एखादा पोलीस कर्मचारी माणुसकीने गाडी सोडूनही देतो. तथापि ती पावती शुल्क भरल्याचा आणि वेळ ठरल्याचा पुरावा आहे, रस्त्यावर गाडी चालवण्याची परवानगी नव्हे, आणि गाडी सोडायची की अडवायची हे ज्याच्या मर्जीवर अवलंबून आहे त्याला हक्क म्हणता येत नाही. सवलत द्यायची असते तेव्हा शासन ती लेखी आणि मुदतीसह देते, याचे उदाहरण कोविडच्या काळातले आहे: 1 फेब्रुवारी 2020 नंतर मुदत संपलेली वाहनांची कागदपत्रे वैध मानावीत, अशा सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वेळोवेळी काढल्या आणि त्यांची शेवटची मुदत 31 ऑक्टोबर 2021 रोजी संपली. तशी सूचना आज लागू नसताना पावतीवर तेवढाच भरवसा ठेवणे धोक्याचे आहे.

कायद्यात असलेल्या पळवाटा म्हणून ज्या तरतुदी सांगितल्या जातात त्याही येथे उपयोगी पडत नाहीत. कलम 43 ची तात्पुरती नोंदणी कायम नोंदणी व्हायची असलेल्या वाहनासाठी आहे. वितरकांना मिळणारे व्यवसाय प्रमाणपत्र, ज्याच्या आधारे ते गाडी नोंदणीसाठी नेऊ शकतात, त्यांच्या ताब्यातील वाहनांपुरतेच असते आणि सामान्य मालकाला ते उसने घेता येत नाही. कलम 192 मध्ये आजारी वा जखमी व्यक्तीला नेण्यासाठी किंवा संकटग्रस्तांपर्यंत अन्न-औषधे पोहोचवण्यासाठी, सात दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवण्याच्या अटीवर, सूट आहे. तपासणीची तारीख जवळ आली हे त्या सुटीचे कारण होऊ शकत नाही.

परिणामांची तीव्रता अनेकांना ठाऊक नसते. वैध नोंदणीशिवाय वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी 5,000 रुपयांपर्यंत आणि पुढील गुन्ह्यासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि कलम 207 खाली गाडी ताब्यातही घेतली जाऊ शकते, म्हणजे ज्या तपासणीसाठी ती निघाली ती तपासणीच हुकते. याहून मोठा धोका विम्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली एका अपघाताच्या प्रकरणात आणि 30 सप्टेंबर 2021 रोजी गाडीच्या चोरीच्या प्रकरणात, तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली असताना वाहन वापरणे हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे असे ठरवून मालकाची नुकसानभरपाई नाकारली. दोन्ही गाड्या नव्या होत्या आणि नोंदणी तात्पुरती होती. पण वैध नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हा न्यायालयाच्या निर्णयाचा गाभा असल्याने, पंधरा वर्षांची मुदत उलटलेल्या गाडीच्या मालकाने आपले प्रकरण निराळे आहे असे समजून निर्धास्त राहणे शहाणपणाचे नाही. हप्ता वेळेवर भरला आहे, एवढ्याने संरक्षण मिळत नाही.

या कोंडीतून सुटण्याचा कायदेशीर आणि स्वस्त मार्ग नियम 52 मध्येच आहे, आणि त्याकडे लक्ष जावे यासाठीच हे विवेचन आहे. मुदत संपण्यापूर्वीच्या 60 दिवसांत नमुना 25 मध्ये अर्ज करता येतो, आणि या काळात नोंदणी वैध असल्याने गाडी स्वतः चालवत तपासणीला नेण्यास कोणताही अडसर राहत नाही. मात्र या 60 दिवसांचा उपयोग अर्ज भरण्यापुरता नसून तपासणी पूर्ण होण्यासाठी आहे, कारण अर्ज वेळेत केला पण निरीक्षकाने काढलेल्या त्रुटी दुरुस्त करण्यात मुदत उलटली, तर मधल्या काळात गाडी वैध राहते असे नियम कुठेही म्हणत नाही. म्हणून 60 दिवसांच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज करावा, आणि त्याआधी ओळखीच्या मेकॅनिककडून ब्रेक, टायर, दिवे, हॉर्न, वायपर आणि सीटबेल्ट पाहून घ्यावेत. सांगाडा क्रमांक, म्हणजे चासी नंबर, गंजाखाली झाकला गेला असल्यास तो स्वच्छ करून वाचता येईल असा करावा. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांबाबत हे हमखास करावे लागते.

कागदांची तयारी त्याहूनही आधी सुरू व्हावी. गाडी कर्जावर घेतली असेल आणि हप्ते फिटून कितीही वर्षे झाली असली, तरी बँकेचा बोजा आरसीवर तसाच राहिलेला असतो आणि तो उतरवण्यासाठी नमुना 35 व बँकेचे ना हरकत पत्र लागते. प्रलंबित ई-चलने भरून टाकावीत, पीयूसी म्हणजे प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि विमा चालू असावा, आणि 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवून घ्यावी. पत्त्याचा प्रश्न या पट्ट्यात विशेष येतो, कारण डोंबिवलीत संसार मांडून पुढे माजिवड्याला राहायला आलेल्या कितीतरी कुटुंबांच्या गाड्या आजही एमएच-05, म्हणजे कल्याण कार्यालयाच्या क्रमांकाच्या असतात, तर माजिवडा एमएच-04 च्या, म्हणजे ठाण्याच्या हद्दीत येतो. नूतनीकरणाचा अर्ज वाहन जेथे आहे तेथील कार्यालयात करायचा असतो, आणि कलम 49 प्रमाणे पत्ता बदलल्याची नोंद 30 दिवसांत करणे बंधनकारक असल्याने, ती राहून गेली असेल तर नूतनीकरणाच्या ऐन वेळी दोन कामे एकमेकांत अडकतात.

मुदत उलटूनच गेली असेल, तर गाडी चालवत नेऊ नये. तिची चारही चाके रस्त्यावरून उचलली जातील अशा सपाट पाट्याच्या रिकव्हरी वाहनावर ती चढवून तपासणीच्या जागी न्यावी आणि तशीच परत आणावी. दोरीने ओढत नेताना गाडी स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर असते आणि तिच्या सुकाणूवर माणूस बसलेला असतो, त्यामुळे तो वापर ठरतो का यावर वाद होऊ शकतो. पाट्यावर चढवलेल्या गाडीबाबत तो वाद उद्भवत नाही. भाडे जाचक वाटते खरे, पण ते वर सांगितलेल्या दंडाच्या आणि बुडणाऱ्या विम्याच्या तुलनेत किरकोळ आहे. विलंबाचा खर्च मात्र महिन्यागणिक वाढतो: 1 एप्रिल 2022 पासून केंद्रीय नियमांनुसार मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 5,000 रुपये आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला अतिरिक्त 500 रुपये असून, दुचाकीसाठी हेच आकडे 1,000 आणि 300 आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांहून जुन्या वाहनांचे शुल्क मोटारीसाठी 10,000 आणि दुचाकीसाठी 2,000 रुपये करण्यात आले. पर्यावरण कर यात धरलेला नाही.

एवढा खर्च करून गाडी ठेवायची का, हा निर्णय अर्ज करण्याआधी घेतलेला बरा. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या गाड्यांवर वयाच्या आधारे आलेल्या निर्बंधांच्या बातम्या वाचून, ठाण्यातही पंधरा वर्षांनी गाडी भंगारात काढावीच लागते असे समजून चांगल्या स्थितीतल्या गाड्या मिळेल त्या भावात विकणारे मालक आढळतात. महाराष्ट्रात खासगी मोटारीला अशी सरसकट वयोमर्यादा नाही आणि सुस्थितीतील गाडी नूतनीकरण करून रीतसर वापरता येते. उलट ज्या गाडीचा सांगाडाच गंजला आहे ती केवळ जागा अडवून उभी न ठेवता नोंदणीकृत वाहन भंगार केंद्राकडे द्यावी, तेथून ठेव प्रमाणपत्र घ्यावे आणि परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द करून घ्यावी. नोंदणी रद्द न करता रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला दिलेली गाडी कागदोपत्री मूळ मालकाच्याच नावावर राहते, आणि तिचा क्रमांक पुढे कोणी कशासाठी वापरला तर त्याचे उत्तर द्यायला त्यालाच बोलावले जाते.