काचेच्या आतला प्रकाश

शिल्प म्हटले की आपल्यासमोर दगड, लाकूड किंवा धातू येतो. त्यांच्यावर प्रकाश बाहेरून पडतो आणि पृष्ठभागावरूनच परत फिरतो. काचेचे तसे नाही. गुळगुळीत काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्केच परावर्तित होतो. बाकीचा बहुतेक आत शिरतो. म्हणून काचेच्या शिल्पकाराला बाहेरच्या आकाराबरोबर आतल्या प्रकाशाचाही विचार करावा लागतो. पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियातील स्तानिस्लाव लिबेन्स्की (१९२१–२००२) आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा (१९२४–२०२०) या दांपत्याने हाच विचार आयुष्यभर केला.

झेलेझ्नी ब्रोद हे काचकामाचे गाव. तेथील काचविद्यालयाचे प्रमुख म्हणून लिबेन्स्की १९५४ साली आले आणि ब्रिख्तोवांबरोबर त्यांचे सहकार्य सुरू झाले. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना श्रमविभागणी पुस्तकात भेटते. तिचे सुंदर उदाहरण येथे पाहावे. लिबेन्स्की चित्र काढीत, ब्रिख्तोवा त्यावरून मातीत आकार घडवीत. मग साचा तयार होई. साच्यातील काचेचे तुकडे भट्टीत वितळून एकजीव होत. त्यानंतर खरी कसोटी थंड करण्याची. मोठा ठोकळा कित्येक आठवडे हळूहळू निववावा लागतो. घाई केली तर बाहेरचा भाग आधी आकसतो, आत ताण राहतो आणि काच तडकते. भांडवल आणि श्रम दोन्ही बुडतात!

प्रकाशाचे गमक जाडीत आहे. खिडकीची साधी काच समोरून रंगहीन दिसते, पण तिची कड हिरवट दिसते. कारण कडेतून येणारा प्रकाश काचेतून लांबचा प्रवास करतो आणि काचेतील लोहाचा अंश त्यातील काही रंग शोषून घेतो. या दांपत्याने हाच नियम कलेला जुंपला. रंग एकच, पातळ भागी तो उजळ आणि जाड भागी गडद. शिल्पाच्या पाठीमागून खोलगट कोरलेला आकार समोरून उठावाचा भासे. छायाप्रकाशासाठी निराळा रंग लागतच नसे.

१९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९७० च्या ओसाका प्रदर्शनासाठी त्यांनी ‘जीवनाची नदी’ हे भव्य काचशिल्प केले. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे त्यांच्या देशात शिरले होते. नदीच्या गोठलेल्या भागावर त्यांनी सैनिकी बुटांचे ठसे उमटविले. अधिकाऱ्यांना ते उमगले आणि ठसे घासून काढले गेले. पुढे दोघांना पक्षातूनही काढण्यात आले.

तरी त्यांनी काम सोडले नाही. प्राग येथील कलाविद्यालयात लिबेन्स्कींनी १९८७ पर्यंत काच हा विषय शिकविला आणि त्यांचे विद्यार्थी पुढे नामवंत झाले. काचेवरचे ठसे घासता आले. पण काचेकडे पाहण्याची जी दृष्टी त्यांनी दिली, ती कोणाच्या हुकुमाने पुसली जाणार?