परवानगीचा कागद आधी बघा

जाहिरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली होती : ‘मुंबईचा लाव्हा ट्रेक. मुलुंड ते कान्हेरी, थेट जंगलातून.’ घाटकोपरच्या शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला, दख्खनच्या लाव्हाचे थर फळ्यावर काढून दाखवले. जायची इच्छा होणारच. तरी पैसे भरण्याआधी मी आयोजक मुलाला मेसेज करून विचारलं, ‘वनखात्याची परवानगी आहे ना?’ उत्तर आलं, ‘हो काकू, सगळं आहे. तुम्ही फक्त टोपी आणि पाणी आणा.’ तो मेसेज मी जपून ठेवलाय, कारण नंतर हाच मुलगा चारचौघांत म्हणाला की काकूंना सगळं माहीत होतं.

ट्रेकच्या दिवशी मुलुंडहून निघालो. वस्ती संपली की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची भिंत लागते. मला वाटलं, चौकी असेल, पावती फाडतील. तिथे होतं भिंतीला पाडलेलं भगदाड. आजूबाजूचा चिखल पावलांनी तुडवून गुळगुळीत झालेला, म्हणजे वाट रोजची. मुलाने आवाज खाली आणून दोन सूचना दिल्या. एकदम जाऊ नका, चार-चार जण सटका. आणि फोटो संध्याकाळपर्यंत कुठेही टाकायचे नाहीत. ही दुसरी सूचना ऐकली आणि माझ्या पोटात गोळा आला. परवानगी असलेल्या माणसाला फोटोची भीती कशाला वाटेल? मी तोंडावर विचारलं. तो हसला नुसता. सोबत आलेली माझी भाची तोवर भिंतीपलीकडे पोचली होती. तिला एकटीला सोडून मी परत फिरणं शक्यच नव्हतं.

आत वाट कसली, ओढाच. आपल्याकडचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजला, पण पावसात त्याच्यावरून चालणं सोपं नाही. मुंबईतले हे थर पश्चिमेकडे कललेले आहेत, त्यामुळे जागोजागी तिरक्या फरश्या लागतात आणि जुलैत त्यांच्यावर हिरवं-काळं शेवाळ असतं. काळा भाग कोरडा वाटतो आणि तिथेच पाय सटकतो. पाय ठेवायचा तो खडबडीत, भोकाभोकांच्या दगडावर. तिथे बुटाला पकड मिळते. हे सांगणारं कोणी नव्हतं. आयोजक सगळ्यांत पुढे, मागे एकही माणूस नाही, दोर नाही. एक बाई घसरून मनगटावर पडल्या तेव्हा पट्टी निघाली ती माझ्या पिशवीतून.

ओढ्याचं पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, की डोक्यावर ऊन असलं तरी वर कुठेतरी जोराची सर कोसळली असं समजायचं. लगेच काठ गाठून वर चढायचं, पलीकडे जायचा मोह करायचा नाही. मी ओरडून सगळ्यांना थांबवलं. थोड्या वेळात गुडघाभर पाण्याचा लोंढा आला. आयोजक पलीकडच्या काठावर, आम्ही अलीकडे. तेवढ्यात वनरक्षक आले, आणि हा माणूस झाडीत दिसेनासा झाला. फोन बंद. वनरक्षक आमच्याशी नीट वागले, भाचीला पाणी दिलं. पण नावं लिहून घेतली ती आमची.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे आणि तो शिरणाऱ्याला लागतो. हे जंगल बिबट्याचं, त्यात तुळशी आणि विहार ही पिण्याच्या पाण्याची तळी. नियम उगाच केलेले नाहीत. ‘सगळं आहे’ या शब्दांवर जाऊ नका. कागद मागा, त्यावरची तारीख आणि मार्ग तपासा. 2021 च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तो क्रमांक विचारा. मागे चालणारा माणूस कोण, हेही विचारा. बाकी चांगले बूट, सुकामेवा, चार्ज केलेला फोन, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

जिथे ज्वालामुखी खरोखर धगधगतो, तिथेही बंद वाट म्हणजे बंद वाट. हवाईत किलाउएआच्या उद्यानात लाव्हा किंवा विषारी वायूचा धोका वाढला की रस्ते बंद होतात. आणि तिथे आयोजकालाही सुटका नाही : न्यूझीलंडच्या व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर 9 डिसेंबर 2019 ला स्फोट झाला तेव्हा 47 माणसं तिथे होती. त्यांतली 22 दगावली. पुढे सहली नेणाऱ्या कंपन्यांना न्यायालयाने दोषी धरून दंड केला. आपल्याकडे आयोजक झाडीत पळतो आणि आठवड्याने नवी जाहिरात टाकतो!

लाव्हाच बघायचा असेल तर अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट टेकडी आहे. बेसाल्टचे सुमारे 200 फूट उंचीचे सरळ खांब, वर गावदेवीचं मंदिर, जायला दगडात पायऱ्या. नाहीतर बोरिवलीच्या दारातून तिकीट काढून कान्हेरीला जा, सोमवार सोडून. शिलोंड्याची पायवाटही उद्यानाच्या परवानगीने बघता येते.

त्या आयोजकाविरुद्ध माझी लेखी तक्रार गेली आहे, पण ती एकटीची आहे. मनगट दुखावलेल्या बाईंनी आणि त्या दिवशी सोबत असलेल्या बाकीच्यांनी घाबरू नये. तुमच्याकडेही त्याचे मेसेज असतील. ते जोडून तुम्हीही अर्ज द्या.