पेरलेलं बी झाकून ठेवावं

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ७ (काही प्रतींत ८)



आजच्या श्लोकात भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगायला सुरुवात करतात. गंमत बघा, यादीत पाठांतर नाही, वादविवादात जिंकणं नाही. पहिलं लक्षण अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. दुसरं अदंभित्व, म्हणजे केलेल्या चांगल्या कामाचा देखावा न करणं. मग अहिंसा, क्षांती, आर्जव, आचार्योपासना... मूळ अध्याय जेमतेम ३४-३५ श्लोकांचा, पण माउलींनी त्यावर अकराशेहून जास्त ओव्या सांगितल्या. त्यातला मोठा भाग या लक्षणांवरच आहे.

हा श्लोक मला पाठ होता. कळला मात्र एका शाळकरी मुलामुळे.

पंधराएक वर्षांपूर्वी मी शाळेत मराठी शिकवायचो. डिसेंबरात आमचं तीन रात्रींचं शिबिर होतं, कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावाजवळ. पाचवी ते नववीची मुलं. प्रत्येक तंबूत लहान-मोठी मिसळलेली, आणि मोठ्यांपैकी एक गटप्रमुख. पहाटे साडेपाचला शिट्टी, पावणेसहाला रांग. उशीर झाला की गटाचे ५ गुण कमी. हा नियम माझाच.

पहिल्याच सकाळी एका तंबूचा गटप्रमुख उशिरा आला. नववीतला, एरवी शांत, मागच्या बाकावर बसणारा. बाही ओली, हात थंडीने लाल झालेले. हे मला आज आठवतंय, तेव्हा दिसलं असूनही मी पाहिलं नाही. दुसऱ्या सकाळी परत तेच. त्या दिवशी आम्हाला कळसूबाई चढायची होती, मी घाईत होतो. शंभरेक मुलांसमोर त्याला पुढे बोलावलं आणि विचारलं, "कुठे होतास? बोल ना!" तो खाली मान घालून उभा. मी म्हणालो, "स्वतःला वेळेवर उठता येत नाही, तो गट काय सांभाळणार?" आणि त्याचं गटप्रमुखपद काढून घेतलं. पोरं हसली. तो गप्पच राहिला.

१६४६ मीटरचं ते शिखर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. लोखंडी शिड्यांपाशी लहान मुलं घाबरतात. हा पोरगा सगळ्यांत मागे, पाचवीतल्या एका बारक्याच्या मागोमाग चढत होता. मला वाटलं, रुसलाय म्हणून मागे राहिलाय.

संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशींनी मला चुलीपाशी बोलावलं. म्हणाल्या, "सर, रागावू नका, पण त्या पोराला उगाच बोललात. दोन दिवस झाले, पहाटे अंधारात हापशावर चादर धुतोय. मग इथं चुलीपाशी वाळत घालतो."

"त्याची चादर?"

"त्याची कशाला? त्या बारक्याची. रात्री ओली करतो लेकरू. बाकीची पोरं उठायच्या आत हा धुऊन टाकतो, आणि बारक्याला स्वतःच्या चादरीत झोपवून येतो."

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

मी त्याला बाजूला घेतलं. तोंड उघडायच्या आत त्यानेच विचारलं, "सर, तुम्ही त्याला ओरडलात का?" मी नाही म्हणालो. त्याने सुटकेचा श्वास सोडला. मी विचारलं, "अरे, मग मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत ना, सर."

बस, एवढंच. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री शेकोटी होती. मी ठरवलं की सगळ्यांना सांगायचं, टाळ्या वाजवायच्या, पोराचा मान परत द्यायचा. त्याला तसं म्हणालोही. तो घाबरलाच. "नको ना सर. मग त्याचं कळेल सगळ्यांना."

तेव्हा मला माझंच मन दिसलं. मला त्याचं कौतुक करायचं होतं हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं म्हणजे मला मोकळं व्हायचं होतं. चूक कबूल करणारे मोठ्या मनाचे सर, असं दिसायचं होतं. माझ्या अपराधाचं ओझं उतरवायला मी त्या बारक्याची लाज खर्च करायला निघालो होतो. दंभ इतका साळसूद असतो! चांगल्या कामाचे कपडे घालूनच येतो.

शेवटी शेकोटीपाशी मी इतकंच बोललो, "आज सकाळी मी एका मुलाला सगळ्यांसमोर बोललो. चूक त्याची नव्हती, माझी होती. कारण सांगणार नाही. मी त्याची माफी मागतो, आणि तोच गटप्रमुख राहील." गुण परत दिले, तरी त्यांचा गट तिसरा आला. त्याला काही फरक पडला नाही. बारक्याच्या आईवडिलांशी मी नंतर एकटं बोललो. अशा त्रासात मुलाचा दोष नसतो, ओरडू नका, डॉक्टरांना दाखवा, एवढंच सांगितलं.

आता माउलींकडे येऊ. अदंभित्व समजावताना ते शेतकऱ्याचा दृष्टांत देतात. शेतकरी पेरलेलं बी मातीने झाकतो, तसा ज्ञानी माणूस आपलं दानपुण्य झाकून ठेवतो. विचार करा, शेतकरी बी का झाकतो? लाज वाटते म्हणून नाही. उघडं राहिलं तर पाखरं टिपतील, उन्हात वाळेल, रुजणार नाही. चांगलं कामही तसंच. उघड्यावर टाकलं की कौतुकाची पाखरं ते टिपून नेतात, आणि आत काही उगवत नाही.

आणि एक बारकावा. झाकायचं ते आपलं पुण्य, आपली चूक नाही. त्याच श्लोकात पुढे आर्जव आहे, म्हणजे सरळपणा. चारचौघांत दुखावलं असेल तर माफीही चारचौघांत मागावी, फक्त ती मागताना तिसऱ्याची लाज उघडी पडू नये. आणि अदंभित्व म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणं असंही नाही. तुम्हाला कोणी त्रास देत असेल तर जरूर बोला. तो मुलगा गप्प राहिला, कारण त्याच्या बोलण्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली असती. ती त्याची क्षांती.

आपण अन्नदानाला जातो, वारीत पाणी वाटतो आणि आधी फोन काढतो. फोटो काढणं पाप नाही, चार लोक त्यातून सेवेला येतातही. पण स्टेटस टाकण्याआधी एक प्रश्न विचारावा : या फोटोत कोणाचा हात पसरलेला दिसतोय? त्याला हे चालेल का?

तुम्ही म्हणाल, मग सर, तुम्ही आज का सांगितलंत? मी त्याला विचारलं. आता तो नोकरी करतो. हसला आणि म्हणाला, "नावं नका टाकू, बाकी चालेल." म्हणून नाव नाही, शाळा नाही.

आचार्योपासना हे लक्षणही याच श्लोकात आहे. त्या शिबिरात शिट्टी माझ्या गळ्यात होती, पण शिकलो मीच.

आजचा अभ्यास : आज एक चांगलं काम असं करा, जे कोणालाही कळणार नाही. घरच्यांनाही नाही, खाली कमेंटमध्येही नाही. रात्री झोपताना फक्त विठ्ठलाला सांगा. आणि कोणाला सर्वांसमोर "का?" विचारायची वेळ आली, तर आधी त्याला बाजूला घ्या.

राम कृष्ण हरी!