मांजराची घाण कोणी काढायची?

वस्तीत घरभेटीला गेलो की आम्हाला एक चित्र हमखास दिसते. मांजर सगळ्यांचे लाडके, पण त्याची घाण सुनेने काढायची, मग ती पोटुशी का असेना! हे थांबवा. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. गरोदरपणी त्याची नव्याने लागण झाली तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा पोहोचू शकते. विष्ठेतला हा जंतू लागण करण्याजोगा व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज काढावी, आणि ती घरातल्या पुरुषांनी काढावी. दुसरे कोणीच नसेल तर हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. मांजराला हाकलण्याची गरज नाही.

गोधडीवर मुतले तर घासू नका, कापडाने टिपा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात टाका. काळ्या फिनेलने वास नुसता झाकतो, शिवाय ते मांजराला विषारी. मुतावर ब्लीचिंग पावडर तर नकोच: अमोनियाशी मिळून घातक वायू होतो, बंद खोलीत छाती जळते. ब्लीचिंगमध्ये ॲसिडही कधी मिसळू नका.