जठराचा पट्टा आणि आहाराच्या सवयी

प्रास्ताविक

मनुष्य अन्नावर जगतो, हे खरे; परंतु तो काय खातो, किती खातो आणि किती वेगाने खातो, हे बहुतांशी त्याच्या सवयीवर अवलंबून असते. या सवयी लहानपणी घरच्या ताटावर जडतात आणि पुढे त्यांकडे आपले लक्षही जात नाही. शरीरात एखादे नवे साधन बसवले गेले आणि जुन्या सवयी त्याच्याशी जुळेनाशा झाल्या, म्हणजे मात्र त्या पुन्हा तपासाव्या लागतात. अतिस्थूलतेवरील उपाय म्हणून जठराच्या वरच्या भागाभोवती बसवला जाणारा पट्टा हे असेच एक साधन आहे. त्याचे कार्य कसे चालते आणि तो बसवल्यावर खाण्याची रीत का बदलावी लागते, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. उदाहरणे मुख्यत्वे बंगळूर शहरातील घेतली आहेत. कारण तेथील ताटात नाचणी, तांदूळ व गहू ही तिन्ही धान्ये एकत्र नांदतात आणि मराठी घरांतील आहाराशीही त्यांचे जवळचे नाते आहे.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्याला शरीरभार-निर्देशांक म्हणतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व ९६ किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीचा निर्देशांक ३७.५ येतो. अमेरिकेत १९९१ साली अशा शस्त्रक्रियांसाठी ४० ही मर्यादा ठरवण्यात आली. मधुमेहासारखा विकार सोबत असल्यास ती ३५ होती. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्या लोकांसाठी याच मर्यादा अनुक्रमे ३७.५ व ३२.५ ठरवल्या. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संस्थांनी त्या आणखी खाली आणल्या.

भारतीयांसाठी निराळा अंक का, याचे एक बोलके उदाहरण पुण्याचे डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली जगापुढे ठेवले. त्यांचा स्वतःचा व त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के आढळले. तेव्हा वजनाचा काटा सारखा असला, तरी शरीराची घडण सारखी असतेच असे नाही.

पट्ट्याची रचना

हा पट्टा सिलिकोनचा असतो. अन्ननलिका जठराला मिळते त्या जागेच्या किंचित खाली तो जठराभोवती कड्यासारखा बसवतात. त्याच्या आतील बाजूस एक पोकळ अस्तर असते. या अस्तरापासून एक बारीक नळी निघून पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या छोट्या डबीला जोडलेली असते. त्वचेवरून सुई टोचून डबीत निर्जंतुक लवणजल सोडले, की अस्तर फुगते आणि वाट अरुंद होते. ते काढून घेतले, की वाट पुन्हा सैल होते. पट्ट्याच्या वर जठराचा जो भाग उरतो, त्यात जेमतेम एक-दोन मोठे चमचे अन्न मावते.

कमीजास्त करता येणारा असा पट्टा कुझमाक या शल्यवैद्याने १९८६ साली अमेरिकेत वापरला. पोट न उघडता, दुर्बिणीच्या साहाय्याने तो बसवण्याची शस्त्रक्रिया बेलाच्यू यांनी १९९३ साली बेल्जियममध्ये केली. अमेरिकेच्या शासनाने त्यास २००१ साली मान्यता दिली. पुढे अनेक रुग्णांत पट्टा सरकणे, वजन पुरेसे न उतरणे अशा अडचणी दिसून आल्या आणि काही वर्षांनी तो काढावा लागला. त्यामुळे आता जठराचा मोठा भाग काढून त्याला नळीचा आकार देणारी शस्त्रक्रिया अधिक प्रचलित आहे. तथापि पूर्वी बसवलेले पट्टे अनेकांच्या पोटात अद्याप आहेत; आणि घास, वेग व प्रमाण यांविषयीचे पुढील नियम नव्या शस्त्रक्रियांनंतरही बहुतांशी तसेच लागू पडतात.

घास पुढे कसा सरकतो?

पट्टा म्हणजे धरणाची भिंत, त्यामागे अन्न साठते आणि म्हणून पोट भरल्यासारखे वाटते, अशी समजूत पूर्वी होती. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी अन्ननलिकेचे दाब मोजून ती दुरुस्त केली. नीट चावलेला छोटा घास पट्ट्यापाशी आला, की अन्ननलिका त्यास आकुंचनाच्या लाटांनी ढकलते. दोन ते सहा लाटांत तो थोडा थोडा करून पलीकडे जातो आणि यास जवळजवळ एक मिनिट लागू शकते. या खटाटोपात तेथील मज्जातंतूंवर दाब पडतो आणि मेंदूकडे तृप्तीचा संदेश जातो. म्हणजे तृप्ती अन्न साठल्याने येत नसून प्रत्येक घास सावकाश पिळून निघाल्याने येते.

पहिला घास पलीकडे जाण्यापूर्वीच दुसरा गिळला, तर काय होईल? दोन्ही वरच्या चिंचोळ्या भागात अडकतील, छातीत कळ येईल, तोंडाला लाळ सुटेल आणि अन्न उलटून बाहेर पडेल. असे वारंवार घडले, तर वरचा भाग ताणला जातो किंवा पट्टा जागेवरून सरकतो.

यावरून जेवणाचे गणित सहज मांडता येते. चहाच्या चमच्यात सुमारे ५ मिलिलिटर अन्न मावते. एक घास एवढाच घेतला, तो वीस-पंचवीस वेळा चावला आणि एका मिनिटास एक घास हा वेग ठेवला, तर वीस मिनिटांत १०० मिलिलिटर, म्हणजे सुमारे एक लहान वाटीभर अन्न पोटात जाते. पट्टा योग्य बसला असेल, तर एवढ्यावर भूक शमावयास हवी.

नरसाळ्याचा प्रयोग

विद्यार्थ्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. अरुंद तोंडाचे नरसाळे घेऊन त्यात प्रथम साखर घातलेले ताक ओता. ते क्षणात खाली जाईल. नंतर मऊ खिचडी घाला. ती थांबत थांबत, चमच्याने हलवल्यावर उतरेल. शेवटी शिजलेली मटकी घाला. ती तोंडाशीच अडून राहील.

नरसाळ्याला स्नायू नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तेव्हा जठराशी त्याचे साम्य पुरे नाही. परंतु या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यावरून ध्यानात येते. पट्टा अन्नाचा घट्टपणा ओळखतो. त्याचे पोषणमूल्य ओळखत नाही. मटकीची उसळ, भाकरी, पालेभाजी या हितकर पदार्थांना तो अडवतो. आणि आइस्क्रीम, पायसम, सरबत, गोड कॉफी यांना मात्र विनासायास वाट देतो. अडचण टाळण्यासाठी मनुष्य नकळत सोप्या पदार्थांकडे वळतो. मग घास अडकत नाही, उलटी होत नाही, सारे सुरळीत आहे असे वाटते, आणि वजन मात्र तेथेच राहते. एका चमच्यात ५ ग्रॅम साखर धरली, तर तिच्यापासून २० किलोकॅलरी मिळतात. दिवसाला दोन चमच्यांच्या सहा कॉफ्या घेणाऱ्याच्या पोटात केवळ साखरेच्या रूपाने २४० किलोकॅलरी जातात आणि त्यांपैकी एकही पट्ट्यापाशी थांबत नाही. जो विवेक पट्ट्याला नाही, तो खाणाऱ्यानेच पुरवावा लागतो.

पहिले काही आठवडे

शस्त्रक्रियेनंतर जठर व पट्टा एकमेकांशी नीट जुळेपर्यंत त्यांवर ताण पडू देऊ नये. म्हणून साधारणपणे पहिले दोन आठवडे केवळ पातळ आहार असतो: डाळीचे पाणी, गाळलेले सार, साय काढलेले दूध, ताक, नाचणीची पातळ आंबील. पुढील दोन आठवडे घोटलेले पदार्थ, म्हणजे वरण, मऊ खिचडी, कुस्करलेली भाजी, दही. त्यानंतर मऊ पण चावण्याजोगे अन्न, आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास नेहमीचा आहार. याच सुमारास पट्ट्यात प्रथम लवणजल भरतात. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे निराळे असते. तेव्हा आपल्या आहारतज्ज्ञाचे सांगणे प्रमाण मानावे.

पातळ आहार हा जखम भरून येईपर्यंतचा मुक्काम आहे, कायमचे घर नव्हे. पुढे घट्ट अन्नाकडे परतणे आवश्यक असते. कारण तृप्तीचा संदेश घट्ट घासानेच जातो.

बंगळूरच्या ताटाचा विचार

दक्षिण कर्नाटकातील मुख्य अन्न म्हणजे रागी मुद्दे, अर्थात नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा. त्याचा लचका तोडून सारात बुडवतात आणि न चावता गिळतात. चावणे हे नवख्याचे लक्षण समजले जाते. पट्टा बसवलेल्या व्यक्तीला ही रीत सर्वथा वर्ज्य आहे. परंतु त्यासाठी नाचणी सोडण्याचे कारण नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि एवढे अन्य धान्यांत क्वचितच आढळते. तीच नाचणी भाकरीच्या किंवा डोशाच्या रूपाने, लहान तुकडे करून व चावून खाता येते.

इडली मऊ असते व प्रारंभी उपयोगी पडते. मात्र सांबारात बुडवून भराभर खाल्ल्यास ती पातळ पदार्थासारखीच खाली जाते. ताज्या पोळीचा व पावाचा चावून चिकट गोळा होतो, म्हणून ते अनेकांना अडकतात. मोकळ्या भाताचेही पुष्कळदा तसेच होते. ज्वारीची भाकरी आमटीत भिजवून घेतल्यास सहसा बरी पडते. कोसंबरीतील भिजवलेली मूगडाळ फार बारीक चावावी लागते. शेवग्याची शेंग, संत्र्याच्या फोडीवरील साल, तंतुमय भाज्या यांबाबत जपून असावे.

पदार्थांपेक्षाही खाण्याचा वेग बदलणे कठीण असते. १९८० नंतर बंगळूरमध्ये ‘दर्शिनी’ नावाची उपाहारगृहे पसरली. तेथे उभ्या-उभ्या पाच-दहा मिनिटांत न्याहारी उरकते आणि तिच्यावर लगेच गरम कॉफी घेतली जाते. घाईचा घास आणि त्यावर पेय, या दोन्ही गोष्टी पट्ट्याच्या विरुद्ध जातात. जेवताना व नंतर सुमारे अर्धा तास पेय घेऊ नये. पाणी जेवणांच्या मधल्या वेळेत थोडे थोडे प्यावे. कित्येकांना पट्टा सकाळी अधिक घट्ट वाटतो. त्यांनी न्याहारी थोडी उशिरा करावी. वायूयुक्त पेये टाळावीत.

याच शहरात एक उपयोगी प्रथाही आहे. एक कॉफी किंवा एक सूप दोघांत वाटून घेणे, यास तेथे ‘बाय-टू’ म्हणतात आणि त्यात कोणासही कमीपणा वाटत नाही. अर्धे मागणे हे जेथे रूढ आहे, तेथे थोडे खाणाऱ्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदळाची टंचाई पडली, तेव्हा येथील मावळ्ळी टिफिन रूमने, म्हणजेच ‘एमटीआर’ने, रव्याची इडली रूढ केली. ताट बदलता येते, याची साक्ष या शहराच्या उपाहारगृहांतच आहे.

वाटीभर अन्नात काय असावे?

अन्नाचे प्रमाण घटले, म्हणजे त्याची प्रत वाढली पाहिजे. अशा रुग्णांना दिवसाला साधारणतः ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे सांगतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे ९ ग्रॅम, तर ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. यावरून शाकाहारी व्यक्तीस हा आकडा गाठणे किती कठीण आहे, ते दिसेल. म्हणून प्रथिनांचा पदार्थ आधी, भाजी नंतर आणि भात किंवा भाकरी शेवटी, हा क्रम पाळावा. जीवनसत्त्वे, लोह व ब-१२ यांच्या गोळ्या वैद्याच्या सल्ल्याने नियमित घ्याव्यात.

घरातील मंडळींचे कर्तव्य

आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे चिन्ह मानले जाते. सणाच्या पंगतीत ‘आणखी एक घ्या’ म्हणून वाढलेली पोळी नाकारणे अवघड होते. परंतु पट्टा बसवलेल्या व्यक्तीला तो एक घास छातीत अडकून ताटावरून उठावयास लावू शकतो. तेव्हा तिला लहान ताटली द्यावी, तिच्या संथपणाविषयी टीका करू नये आणि तिच्यासोबत वीस मिनिटे स्वस्थ बसावे. आग्रहाचे प्रेम असे सोबतीच्या रूपाने व्यक्त करता येते.

धोक्याच्या खुणा

पाणीही न उतरणे, वारंवार उलटी, रात्री आडवे झाल्यावर खोकला किंवा अन्न वर येणे, पोटात तीव्र वेदना, डबीच्या जागी लाली किंवा ताप, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. तत्काळ शल्यवैद्याकडे जावे. उलट्या लांबल्यास ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जासंस्थेस इजा पोहोचू शकते. पट्टा जितका घट्ट तितका चांगला, ही समजूत चुकीची आहे. अतिघट्ट पट्टा मनुष्याला पातळ व गोड अन्नाकडेच लोटतो. गर्भवती स्त्रीने आपल्या पट्ट्याविषयी वैद्यास आरंभीच सांगावे, म्हणजे आवश्यकतेनुसार तो सैल करता येतो.

समारोप

पट्टा चांगला चालला, तर आठवड्यास अर्धा ते एक किलोग्रॅम वजन उतरते. हा वेग मंद वाटेल. परंतु वर्षानुवर्षांच्या सवयी बदलण्यास तेवढा अवधी लागणारच. शल्यवैद्य वाट अरुंद करू शकतो. त्या वाटेने काय पाठवावे, हे मात्र दररोज, दर घासाला खाणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १५० सेंटिमीटर उंची व ८१ किलोग्रॅम वजन असलेल्या व्यक्तीचा शरीरभार-निर्देशांक काढा.
२. तृप्तीचा संदेश कसा निर्माण होतो, याविषयीची जुनी व नवी कल्पना सांगा.
३. नरसाळे व जठर यांतील साम्य आणि भेद स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील एका दिवसाच्या आहारातील कोणते पदार्थ पट्टा अडवील व कोणते सोडील, याची दोन स्तंभांत यादी करा. कोणत्या स्तंभात पोषण अधिक आहे?