बाळाच्या उशापासून ती बाटली उचल

सव, ता. महाड, जि. रायगड

चि. सौ. बायस आत्याचे अनेक आशीर्वाद.

दादा तुझ्याकडे चार दिवस राहून परवा परतला. नातीचं कौतुक सांगता सांगता सहज बोलून गेला, की बाळाच्या खोलीत रात्रभर डिफ्यूझर चालू असतो, सगळ्या खोलीला निलगिरीचा वास असतो आणि तिला सर्दी झाली म्हणून तिच्या दुपट्यावरही दोन थेंब टाकलेले असतात. आत्यानं विचारलं, बाटली कुठे असते? "तिथेच, पाळण्याशेजारच्या स्टुलावर," दादा म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आत्याला मात्र त्या रात्री झोप आली नाही. पोर दहा महिन्यांची. स्टुलाला धरून उभी राहते आणि हाताला येईल ते तोंडात घालते.

लगेच फोन केला, तर तू म्हणालीस, "झाडाचंच तेल आहे गं आत्या, नैसर्गिक आहे," आणि बाळ रडतंय म्हणून ठेवलास. म्हणून हे पत्र. पुढचं वाचण्याआधी ऊठ, ती बाटली उचल आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून कुलूप लाव.

ठेवलीस? आता वाच.

तुझ्या मनात काय आहे ते आत्याला कळतं. आजी बाळंतिणीच्या पाण्यात निरगुडीचा पाला टाकायची, सर्दीला गवती चहा उकळायची, छातीला ओव्याची पुरचुंडी शेकायची. तेच सगळं आता बाटलीत मिळतं, असं तुला वाटतं. पण पाल्यात आणि बाटलीत फार अंतर आहे. गवती चहाच्या ताज्या पात्यांत तेल निघतं ते शेकडा अर्ध्या भागाच्या आसपास. म्हणजे चमचाभर तेलात जवळपास किलोभर गवत उतरलेलं असतं. आजी दोन पाती चुरगळून टाकायची. निलगिरीच्या पानातही तेल शेकडा एक ते तीन भागच असतं. बाटलीत मात्र ते निव्वळ तेल असतं. माप इतकं बदललं आणि हात तोच सैल राहिला, ही आत्याची खरी भीती आहे.

ती दहा मिलिलिटरची बाटली इवलीशी दिसते. पण ते दोन चमचे होतात, आणि निलगिरीचं एक चमचा तेलसुद्धा लहान मुलाच्या पोटात गेलं तर मूल गुंगतं, त्याचा श्वास मंदावतो, फिट येऊ शकते. हे घडायला काही मिनिटंही पुरतात. कापराचंही तसंच. ग्रॅमभर कापूर पोटात जाऊन मूल दगावल्याची नोंद वैद्यकीय पुस्तकांत आहे. म्हणून तर १९८३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मलमांमधल्या कापराला ११ टक्क्यांची मर्यादा घातली. आणि हे पोरांपुरतंच नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स रुग्णालयातले मेंदुविकारतज्ज्ञ थॉमस मॅथ्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिट येऊन दाखल झालेल्या मोठ्या माणसांची नीट चौकशी केली, तेव्हा त्यांतल्या काहींच्या फिटचा संबंध निलगिरी आणि कापूर असलेल्या तेलांशी, मलमांशी लागला. मधल्या काकांना फिट यायच्या, हे तू लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहेस. आपल्या घरात तो आजार असताना पाळण्याशी ती बाटली का असावी?

दुपट्यावरचे थेंबही नकोत. निलगिरी, पुदिना, मेंथॉल यांचा उग्र वास तान्ह्याच्या नाकाशी गेला तर घशाचा स्नायू आवळून श्वास अडू शकतो. मोठ्या माणसाला त्या वासानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. बाळाला काय होतंय ते सांगता येत नाही.

झाडाचं आहे म्हणून निर्धोक, असं धरून चालू नकोस. धोतराही झाडच आहे. आणि कारखान्यातलं आहे म्हणून विष, असंही नाही. आपल्या महाडच्या एमआयडीसीत प्रिवी कंपनीचा सुगंधी रसायनांचा कारखाना आहे. पाइनच्या झाडांपासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनपासून तिथे जी द्रव्यं तयार होतात, ती साबणांसाठी आणि अत्तरांसाठी देशोदेशी जातात. डायहायड्रोमर्सेनॉल हे त्यांतलंच एक. त्याला लिंबासारखा, लॅव्हेंडरसारखा ताजा वास असतो. लॅव्हेंडरच्या फुलातलं लिनालूल आणि कारखान्यात बनवलेलं लिनालूल, दोन्हींचा रेणू जवळपास एकच. शरीर रेणू ओळखतं आणि त्याचं प्रमाण ओळखतं, बाटलीवरचं चित्र नाही. एक किलो गुलाबतेलाला तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. तेव्हा दीडशे रुपयांच्या बाटलीवर शुद्ध गुलाब लिहिलेलं असेल तर आत काय आहे, हे तुझं तूच ठरव.

या तेलांच्या उपचाराला ॲरोमाथेरपी हे नाव रूढ केलं ते रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं. त्याच नावाचं त्याचं पुस्तक १९३७ साली आलं. प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याचे हात भाजले होते आणि त्यानं जखमांवर लॅव्हेंडरचं तेल वापरलं, ही गोष्ट तूच आत्याला कधीतरी उत्साहानं सांगितली होतीस. तो माणूस मापून-तोलून काम करणारा रसायनशास्त्रज्ञ होता, हेही त्या गोष्टीतच आहे.

आता तुझ्या चेहऱ्याबद्दल. दादा म्हणाला, गालावर काळे डाग पडलेत. तू मुरमांवर टी ट्री तेल तसंच चोळतेस आणि सकाळी लिंबाचं तेल लावून बाहेर पडतेस, हे वहिनीकडून कळलं. शिकलेली मुलगी तू! लिंबाच्या, बर्गमॉटच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात अशी द्रव्यं असतात की त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि मग तिथे डाग राहतात. टी ट्री आणि लॅव्हेंडर जुनं झालं, हवेशी संयोग पावलं की त्याची ॲलर्जी उठते. युरोपात २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांवर २६ सुगंधी द्रव्यांची नावं छापणं सक्तीचं झालं आणि २०२३ मध्ये ती यादी ८० च्या वर गेली, ते याच ॲलर्जीमुळे. एवढं सगळं मोबाइलवर वाचतेस, हे कसं वाचलं नाहीस?

पण रागावून आत्याला चैन पडत नाही. आत्या विशीत प्रशिक्षण घेऊन आरोग्यसेविका झाली, तेव्हा अंगात नव्या गणवेशाचा ताठा होता. आजी बाळाच्या धुरीसाठी शेगडी पेटवायला गेली की आत्या तिला चारचौघींत गप्प करायची. धुराबद्दलचं म्हणणं चूक नव्हतं. कोंदट खोलीतला धूर तान्ह्याच्या छातीला वाईटच. पण किती पानं घ्यायची, किती वेळ उकळायची, कितव्या महिन्याच्या पोराला काय अजिबात द्यायचं नाही, हे सगळं आजीच्या बोटांत होतं. ते विचारून घ्यायचं राहिलं. हळूहळू आजीनं सांगणंच सोडलं, आणि एक दिवस विचारायला आजीच उरली नाही. पोलादपूरच्या वाड्यांवर फिरताना कितीदा वाटलं, आज तिला बरोबर आणायला हवं होतं. म्हणून तुला नुसतं गप्प करायची आत्याची इच्छा नाही. तुझंही ऐकायचं आहे.

तुला त्या वासानं बरं वाटतं, हे खोटं नाही. वासाची जाणीव नाकातून मेंदूच्या अशा भागांत थेट पोचते जिथे भावना आणि आठवणी राहतात. मन थोडं हलकं होतं, ताण थोडा उतरतो. आपल्या सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गंधकाच्या वासात लोक खरूज-नायट्यासाठी आंघोळीला येतात. ऊन पाण्यानं सांधे सैल होतात, खाज घटकाभर थांबते, आणि ते सुख खरंच असतं. पण नायट्याला औषधच लागतं, हे आत्यानं त्याच कुंडाच्या काठावर कित्येकांना सांगितलंय. तसंच तुझंही. रात्री-रात्री जागून, दिवसभर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकटीनं पोर सांभाळून तू थकली आहेस, हे तुझ्या आवाजावरून कळतं. ती वाफ लावून निदान एक तास मन शांत राहतं, म्हणून तू ती लावतेस ना? मग आत्या ते काढून घेणार नाही.

डिफ्यूझर हवा तर बाळ दुसऱ्या खोलीत असताना लाव, खिडकी उघडी ठेव आणि अर्ध्या तासानं बंद कर. अंगाला लावायचं तर ३० मिली खोबरेल तेलात सहा थेंब, म्हणजे एक टक्का, त्याहून जास्त नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहा. पोटात कुठलंही तेल घ्यायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. घेताना बाटलीवर परवान्याचा क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची नावं आहेत का ते बघ. आपल्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे ती असायलाच हवीत. आणि कधी उदास वाटू लागलं आणि ते पंधरा दिवसांच्या वर टिकलं, रडू येत राहिलं, तर डॉक्टरांकडे जा. बाळंतपणानंतर बायकांना हे होतं आणि उपचारानं बरं होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाळाच्या सर्दीला नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, वरचेवर अंगावर पाजणं आणि उबदार कपडे पुरतात. गरम पाण्याच्या भांड्यावर तिला वाफ देऊ नकोस. भांडं कलंडून भाजलेली पोरं आत्यानं पाहिली आहेत. ती शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोज. तिच्या वयाला मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली गेली किंवा ती प्यायची थांबली, तर थांबू नकोस, दवाखाना गाठ. आणि देव न करो, पण कधी तेल तिच्या तोंडात गेलंच, तर उलटी करवू नकोस, कारण ते फुप्फुसात उतरतं. १०८ ला फोन कर आणि बाटली बरोबर ने. तिच्या हाती ती बाटली लागूच नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं.

फार बोलली का आत्या? तुझ्या जन्माच्या वेळी तुला पहिल्यांदा हातात घेतलं होतं ते तिनंच. म्हणून थोडा हक्क गाजवला. पुढच्या आठवड्यात ती तुझ्याकडे येते आहे; पावसानं वरंधा घाट बंद असला तर ताम्हिणीमार्गे येईल. पंधरा दिवस राहील, रात्री बाळ ती सांभाळेल, तू पोटभर झोप. तोवर रात्री-अपरात्री कधीही, काहीही वाटलं, नुसतं बोलावंसं वाटलं तरी फोन कर. आत्या उचलेल.

तुझी,
आत्या